टारफुला आणि सिंधूबाईचा हात

अन्याय झाला तो सिंधूबाईवर. माझ्या मोठमायवर, म्हणजे वडलांच्या थोरल्या भावाच्या बायकोवर. कधी झाला तेही सांगते, कारण आता गावात विचारलं तर लोक म्हणतात, तसं काही एका दिवशी झालंच नाही, हळूहळू होत गेलं. खोटं आहे. मी अकरावीत होते त्या श्रावणात, आमच्याकडची देवी कानबाई बसायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दुपारची जेवणं उरकल्यावर, आमच्या घराच्या ओट्यावर झाला. करणारे सगळे नात्यातले पुरुष होते. दार उघडं होतं आणि आत देवीच्या नैवेद्याच्या रोटांच्या, म्हणजे जाड पोळ्यांच्या, पिठाचा वास भरला होता.

मी गेली काही वर्षं अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीत पत्रकं लिहिते, वाटते, बसस्टँडवर उभी राहून वाचूनही दाखवते. पत्रक एका पानात संपवावं लागतं. हे त्यात मावलं नाही. माझं वय काही आठवणी लिहिण्याचं नाही, असं आमच्यातले जुने कार्यकर्ते हसून म्हणतात. नसू दे. जिची आठवण आहे ती म्हातारी होत चालली आहे, आणि मला ती असताना लिहायचं आहे.

आमचं गाव गिरणा नदीच्या काठी. बाजार, दवाखाना, शाळा सगळं भडगावला. गावात माणसं आणि कापूस. मोठा काका भुसावळला एका ठेकेदाराकडे कामाला होता आणि तिथेच एका अपघातात गेला. मोठमायला मूलबाळ नव्हतं. ती माहेरी गेली नाही, आमच्यातच राहिली, आणि मला कळायला लागल्यापासून मला दोन आया होत्या. एक शिस्तीची, माझी स्वतःची. दुसरी मोठमाय, जी पहाटे कळण्याच्या भाकरीचं पीठ मळताना गुणगुणायची. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं ते पीठ काळपट, चिकट. भाकरी थापताना तिच्या चांदीच्या बांगड्या परातीच्या काठावर वाजायच्या, आणि त्या आवाजानं मी उठायचे. वर कच्चं तेल, ठेचा, फोडलेला कांदा. उन्हाळ्यात बिबडे. ज्वारी भिजत घालून आंबवायची, दळायची, लसूण, तीळ, मिरची घालून शिजवायची आणि गच्चीवर जुन्या साड्या अंथरून त्यावर पातळ पोळीसारखं पसरायचं. त्या दिवसांत गल्लीभर आंबूस वास सुटायचा आणि बायका एकमेकींच्या गच्चीवर चढून मोठमायला हाका मारायच्या, कारण तिनं हात लावलेलं बिबडं तळताना फुटत नाही असं म्हणत.

तिला पेरणीलाही बोलवत. तिफण अजून आमच्याकडे आहे. तिच्या माथ्यावर लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. त्यातून तीन पोकळ नळ्या खाली जमिनीपर्यंत जातात. बैल पुढे चालतात, मागून बाई चालते आणि बोटांच्या फटीतून चाड्यात धान्य सोडत जाते. फार सोडलं तर दाटी, कमी सोडलं तर रिकाम्या जागा. मोठमायच्या बोटांतून दाणे पडताना नळ्यांत एकसारखी सरसर ऐकू यायची, कुठेही न तुटणारी. तिचा हात चांगला, असं अख्खं गाव म्हणायचं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. त्याच गावानं म्हटलं होतं.

बरडीचं वावर म्हणून आमचा एक तुकडा आहे. मुरमाड, भुकेलं रान. तिथे वर्षानुवर्षं कापूस घेत. मग बैलांच्या चाऱ्यासाठी नानांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तिथे ज्वारी पेरायचं ठरवलं. चाड्यावर मोठमाय होती. मी नववीत होते. ज्वारी कमरेला आली तेव्हा पाऊस लागला होता, चपलेला पेंड चढेल इतका चिखल. एक दिवस उघाड पडली आणि मी दुपारचं जेवण घेऊन बरडीत गेले.

बांधावर पाय ठेवला आणि थांबले. वाऱ्याची झुळूकही नव्हती. शेजारच्या रानातला कापूस हिरवागार, पानांवर पाणी. आणि आमच्या ज्वारीची पानं गुंडाळून पुंगळ्या झालेली, जशी वैशाखात होतात, ताटं एका बाजूला झुकलेली, सगळी नाही, मधली. मी त्यांच्यातून चालले तेव्हा पानं घासून जो आवाज झाला तो वाळल्या कडब्याचा होता. पायाखाली चिखल आणि कानाशी कडब्याची खरखर. मोठमाय मधोमध उकिडवी बसली होती. तिनं एका ताटाच्या बुडाशी बोटं खुपसली, ओल्या मातीचा गोळा काढला, दाबला. पाणी ठिबकलं.

"पानी शे," ती म्हणाली. "मंग तहान कसानी?"

माझ्याकडे बघून नव्हती म्हणाली. मातीला विचारत होती. आम्ही दोघींनी तिथे डबा उघडला नाही. घरी येऊन जेवलो.

थोड्या दिवसांनी फुलं आली. झुकलेल्या ताटांच्या पायाशी वीतभर उंचीची हिरवी झुडपं आणि त्यांना बारीक पांढरी फुलं, नखाएवढीही नाहीत. बांधावर एकही नाही. कपाशीत एकही नाही. फक्त ज्वारीच्या बुडाशी, गोल करून. कोणी तरी येऊन एकेका ताटापुढे बसून फुलं वाहून गेल्यासारखं दिसायचं. मी एक उपटलं. मातीखाली त्याचं देठ पांढरं, मऊ, उजेड न बघितलेल्या बोटासारखं होतं, आणि त्याच्या टोकाला ज्वारीच्या मुळाचा तुकडा चिकटून आला. घरी आणून खिडकीत ठेवलं. वाळलं तसं काळं पडलं.

आमच्या भाऊबंदांतले सगळ्यांत वडील दगाआबा. त्यांनी ते काळं झुडूप हातात न घेता ओळखलं.

"हाई टारफुला शे. वाईट हातनी पेरणी ऱ्हायनी का उगस."

नाव बरोबर होतं. नावापुढचं सगळं, वाईट हातानं पेरलं की ते उगवतं हे, चूक होतं. पण नाव बरोबर सांगणाऱ्या माणसाचं पुढचंही लोक ऐकतात, हे मी पुढे पत्रकं वाटताना पुष्कळदा पाहिलं. गावातली ज्वारी कमी होऊन जमाना झाला होता. टारफुल्याचा उपाय माहीत असलेली माणसं गेली होती, भीती माहीत असलेलं एक शिल्लक होतं.

आता नीट ऐका, कारण लोकांना वाटतं आमचं गाव अडाणी. अडाणी नव्हतं. गावानं प्रयोग केला. पुढच्या वर्षी नानांनी बरडीत मोठमायला जाऊ दिलं नाही. ज्वारीत राम नाही म्हणून कपाशी घेतली, आणि बी माझ्या आईनं बोटानं मातीत टोबलं. कपाशी उत्तम आली. एकही ताट झुकलं नाही, एकही पांढरं फूल दिसलं नाही. लोक बांधावर उभे राहून बघून गेले. हात बदलला, रान सुधारलं. बदलल्या होत्या दोन गोष्टी, हात आणि पीक. पाहिली एकच.

त्या वर्षी घरात काय झालं ते कुणी पाहायला आलं नाही. मोठमायनं गुणगुणणं थांबवलं, हे पहिलं. मग एक दिवस मी पहाटे उठले आणि लक्षात आलं की बांगड्यांचा आवाज नव्हता, भाकऱ्या आई थापत होती. मोठमाय चुलीपासून लांब, मोरीपाशी बसून राखेनं हात घासत होती. भांडी नव्हती समोर. नुसते हात. तुळशीला पाणी घालायला ती तांब्या पदरानं धरायची. गल्लीतलं एखादं बाळ तिच्याकडे झेपावलं तर दोन्ही हात पाठीमागे घ्यायची आणि त्याला नुसती हसून दाखवायची. भर दुपारी ओट्यावर बसून ती तळहाताकडे बघायची, पालथा करायची, पुन्हा बघायची; जशी दुसऱ्या कुणाची वस्तू आपल्याकडे ठेवायला दिली आहे आणि ती काय करेल याचा नेम नाही. मला तिची भीती कधी वाटली नाही. मला त्या हातांची भीती वाटायला लागली, कारण तिला वाटत होती. संपूर्ण उजेडात, माणसांनी भरलेल्या घरात.

मग त्यापुढच्या वर्षीची पेरणी आली आणि मोठमाय स्वतःहून नानांना म्हणाली की बरडीत पुन्हा ज्वारी पेरू या, चाड्यावर मी. माले बी पाहू द्या, इतकंच तिचं म्हणणं. आई म्हणाली, मग अर्धं वावर मी पेरते, अर्धं ताई पेरतील, दोन्ही डोळ्यांना दिसेल. माझी आई सातवी शिकलेली. तिनं त्या दिवशी जे सांगितलं तेच पुढे मला कॉलेजात प्रयोगाचा पहिला नियम म्हणून शिकवलं गेलं. तेवढं झालं असतं तर आईच्या अर्ध्यातली ज्वारीही झुकली असती आणि सगळं तिथेच मिटलं असतं.

झालं नाही. आमच्याकडे एका वावरात दोन हात चालत नाहीत. ज्या बाईनं चाडं धरलं तिनंच तो तुकडा पुरा करायचा; मध्ये तिला ताप भरला तर पेरणी थांबते, पण हात बदलत नाही. दगाआबांनी हे आठवण करून दिलं आणि नानांनी मान हलवली. वावर पुरं मोठमायनं पेरलं. मी मागून चालत होते. नळ्यांतली सरसर या वेळी अडखळत होती, थांबत होती, पुन्हा सुरू होत होती.

त्या वर्षी फुलं जास्त आली. लांबून बरडी पांढरट दिसायची.

शनिवारी दुपारी भाऊबंद ओट्यावर बसले तेव्हा आत कानबाईची तयारी चालू होती. घर सारवून झालं होतं. रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावानं गहू घेतात. ते घेऊन, दळून आणले होते. कानबाईचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, परक्याला देत नाहीत. मोठमाय पिठापासून लांब भिंतीला टेकून बसली होती. बाहेर बोलणं लांबत गेलं. रोटाला तिनं हात लावू नये, इथून सुरू झालं. मग तिनं आत तरी का असावं, इथे आलं. मी उंबऱ्यात जाऊन म्हणाले की दोष रानाचा असेल, शेतकी खात्याच्या माणसाला दाखवा. मला आत पाठवलं. शेवटी नानांनी तिला बाहेर बोलावलं.

जमिनीसाठी केलं असं म्हणता आलं असतं तर मला सोपं गेलं असतं; पत्रकात ते चांगलं दिसतं. पण तसं नव्हतं. नाना खरोखर घाबरले होते. ते तिच्या पायांकडे बघून बोलले.

"वहिनी, काही दिन भाऊकडे जाई या."

मोठमायनं डोक्यावरचा पदर नीट केला. "रोट खाईसन जाऊ, का तशीच?"

ती थोडा वेळ उभी राहिली, जणू कुणाला तरी शब्द शोधायला वेळ लागत असेल तर मिळावा. मग आत गेली आणि पिशवी भरली. आई तिच्यामागे गेली आणि दोघींनी मिळून लुगड्यांच्या घड्या केल्या.

त्या दिवशी रशीदचाचा कडबा उतरवायला आले होते. भडगावचे, टेम्पोवाले, धुळ्याकडून कडबा आणून आमच्या पट्ट्यात विकायचे. आमच्या बैलांना कित्येक वर्षं त्यांचाच चारा. रिकामा टेम्पो घेऊन ते पारोळ्यामार्गे पुन्हा धुळ्याला निघणार होते, आणि मोठमायचा भाऊ धुळ्याला देवपुरात. त्यांनी काही विचारलं नाही. पुढची सीट गमछ्यानं पुसली आणि म्हणाले, आपा, इथे बसा. मग ओट्याकडे वळून, अगदी हिशेबाच्या आवाजात:

"गाडी हलकी व्हयनी भो. तुमनं गाव बी."

दगाआबांनी पान थुंकलं. टेम्पो निघाला. दुसऱ्या दिवशी कानबाई बसली, गाणी झाली, मी रोट खाल्ला नाही. आईनंही नाही. एवढंच आमच्या घरातलं बंड.

बारावीनंतर मी शेतकी शिकायला धुळ्याला गेले. दर रविवारी देवपुरात जायचे. मोठमाय एका मंगल कार्यालयात झाडूचं काम करत होती. मंडप, अंगण, पायऱ्या. स्वयंपाकघरात पाय टाकत नव्हती. मॅनेजरनं भाजी निवडायला बसवलं तर सांगायची की हाताला खाज येते. भावाच्या घरीही पीठ मळायची नाही. मी गेले की मला बिस्किटाचा बंद पुडा देऊन म्हणायची, तूच फोड.

कॉलेजात दुसऱ्या वर्षी तणांचा विषय होता. आमच्या मॅडमनी एके दिवशी तीन काचेच्या बशा टेबलावर मांडल्या. प्रत्येकीत ओला कागद, आणि कागदावर तपकिरी धूळ सांडल्यासारखी. ती धूळ म्हणजे टारफुल्याचं बी. इतकं बारीक की श्वास जोरात सोडला तर उडेल. मातीत ते वर्षानुवर्षं मेल्यासारखं पडून राहतं, ओल येते, ऊन येतं, ते हलत नाही. मॅडमनी बशा आधी काही दिवस उबेत, ओलीत ठेवल्या होत्या. मग पहिलीत साधं पाणी घातलं होतं. दुसरीत ज्या पाण्यात ज्वारीच्या रोपांची मुळं बुडवून ठेवली होती ते पाणी. तिसरीत कपाशीच्या मुळांचं.

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. साध्या पाण्यात धूळ धूळच होती. ज्वारीच्या पाण्यात तिला बोटं फुटली होती. एकेका कणातून एक पारदर्शक, पांढरा धागा बाहेर आला होता, आणि सगळे धागे काही तरी शोधत होते. त्या बशीत मूळ नव्हतं. माती नव्हती. नुसतं पाणी होतं, ज्यात मूळ कधी तरी होतं. मी डोळा काढला, पुन्हा लावला. मला बरडीतली ती दुपार ऐकू आली, ओल्या रानातली कोरडी खरखर.

मॅडम सांगत होत्या ते मी उभ्याउभ्या लिहून घेतलं नाही, पण शब्द न शब्द आठवतो. मूळ नुसतं पाणी पीत नाही, ते मातीत रस सोडत असतं. भुकेल्या रानात ज्वारीचं मूळ एक खास द्रव्य जास्त सोडतं, कारण त्यानं मातीतली एक बुरशी जवळ येते आणि मुळाला अन्न मिळवून देते. ती हाक मित्रासाठी असते. पण त्याच मातीत टारफुल्याचं बी झोपलेलं असतं, आणि तेही ती हाक ओळखतं. उठतं, मुळाला धागा लावतं, आत शिरतं, आणि पिऊ लागतं. जमिनीच्या वर यायच्या आधी कितीतरी दिवस. म्हणून ज्वारी आधी वाळते आणि फुलं नंतर दिसतात. म्हणून मुरमाड, उपाशी रानात ते जास्त. रान जितकं गरीब, तितकी मुळाची हाक मोठी.

मी तिसऱ्या बशीत पाहिलं. कपाशीच्या पाण्यातही धागे फुटले होते. मी म्हणाले, मॅडम, आमच्या वावरात कपाशी होती त्या वर्षी तर एकही फूल आलं नव्हतं.

"येणार कसं? कपाशी त्यांना उठवते, पण त्यांना तिच्या मुळात शिरून जगता येत नाही. उठलेलं बी परत झोपू शकत नाही. उपाशी मरतं." मग त्या हसून म्हणाल्या, "हाका मारून बोलवायचं आणि ताट वाढायचं नाही."

वर्ग हसला. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. आईनं टोबलेली कपाशी त्या वर्षभर जमिनीखाली त्यांना मारत होती. वर आम्ही मोठमायला. थोडीच मेली होती, बाकीची पुढच्या ज्वारीची वाट बघत पडून राहिली. आणि पुढच्या वर्षी ती ज्वारी आम्हीच पेरली, एका हातानं, रिवाजाप्रमाणे. कुणाचाही हात असता तरी हेच झालं असतं.

आजही मी ज्वारीच्या रानातून चालते तेव्हा पाय हलके टाकते. मूर्खपणा आहे, माहीत आहे. पण पायाखाली काही तरी कान देऊन पडलेलं आहे हे एकदा कळलं की ते विसरता येत नाही.

दिवाळीत घरी गेले आणि ओट्यावर सगळं सांगितलं. मोबाइलमधले फोटो दाखवले, ते धागे मोठे करून. नाना एकटक बघत राहिले. दगाआबांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि विचारलं:

"मंग हाई बी उनं कथाईन?"

प्रश्न रास्त होता. मी म्हणाले, कुठूनही. वाऱ्यानं, पुराच्या पाण्यानं, बैलांच्या खुरांनी, शेणखतातून, बाहेरून आणलेल्या चाऱ्यातून. चारा हा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला. एक चुलत भाऊ म्हणाला, चारा तर रशीदचा. दुसरा म्हणाला, आणि त्यानंच तिला नेलं गाडीत बसवून. दगाआबा हळूहळू मान हलवू लागले. माझ्या डोळ्यांदेखत एक धागा फुटला आणि शोधू लागला.

मी म्हणाले, "आबा, तेव्हा जे केलंत तेच आत्ता करताय. याच ओट्यावर."

रशीदचं नाव त्या दिवशी पुढे गेलं नाही, कारण मी उठले नाही. संध्याकाळपर्यंत बसून राहिले, प्रत्येकाला पुन्हा पुन्हा तेच सांगत, की हे बी सगळ्यांच्या रानात असू शकतं, दगाआबांच्याही. पुढे भडगावात रशीदचाचांना मी हे सांगितलं तर ते खो-खो हसले.

"बेटा, तुझ्या मोठमायला काढलं तेव्हा टेम्पो मी चालवला. मला काढतील तेव्हा चालवणार कोण?"

हसून झाल्यावर त्यांनी आमच्या गावाच्या फेऱ्या बंद केल्या. नाव न घेता, भांडण न करता.

संक्रांत झाली आणि मी मॅडमना विचारून मोठमायला कॉलेजात आणलं. ती प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढून उभी. मी म्हणाले, ये, तुला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं आहे. तिनं हात पाठीमागे बांधले आणि वाकून डोळा लावला. मी मागून सांगत गेले, हे साधं पाणी, हे ज्वारीचं, हे कपाशीचं. मॅडम आपल्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा हसेल, किंवा हात पुढे करून बघेल. बशा तिच्याचसाठी तर मांडल्या होत्या.

ती सरळ झाली. डोळे मिचकावले. "तुना नानाले माहीत शे?"

"हो. मी सांगितलं. पटलं त्यांना."

"कव्हय?"

"दिवाळीत."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "दिवाळी ते व्हई गयी," म्हणाली. मग चपला घातल्या, आणि पाठीमागे बांधलेले हात तसेच ठेवून जिना उतरली.

नानांना पटलं होतं हे खरं आहे. इतकं पटलं की त्यांनी बरडीत तेव्हापासून ज्वारी घेतली नाही; कधी कपाशी, कधी मूग, कधी तीळ. खालच्या वावरातल्या ज्वारीत एखादं झुडूप दिसलं तर फूल यायच्या आत उपटतात. त्याच ओट्यावर बसून आसपासच्या शेतकऱ्यांना समजावतात, मुळाचा रस, झोपलेलं बी, सगळं, माझ्यापेक्षा चांगलं. लोक ऐकायला येतात. शेताला उपाय मिळाला. बाईला नाही. वर्षं गेली, मोठमाय अजून देवपुरात पायऱ्या झाडते आणि पीठ मळत नाही. तुम्ही धुळ्याला का जात नाही, असं मी नानांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, काय तोंड घेऊन जाऊ? मी म्हणाले, आहे ते घेऊन जा. ते उठून गोठ्यात गेले.

म्हणून हे, नाना, तुमच्यासाठी आहे, आणि जे कोणी वाचत असतील त्यांच्यासाठीही. जळगाव जिल्ह्यात, धुळे जिल्ह्यात, कुठेही; रान वाळलं, म्हैस आटली, पोर आजारी पडलं म्हणून तुमच्या घरातून काढलेली एक बाई तुम्हाला माहीत आहे. माहीत नाही असं सांगू नका. खरं कारण तुम्हाला नंतर कळलं, आणि तुम्ही ते शेतासाठी, गुरांसाठी, पोरांसाठी वापरलंत आणि तिला सांगायचं राहून गेलं. मला तिचं नाव नको. येत्या पेरणीच्या आत तिच्या दारात जा. फोन करू नका, पोराला पाठवू नका, साडी-चोळी घेऊन जाऊ नका. खाली बसा, आणि चूक आमची होती हे तिच्या तोंडावर म्हणा. मग ती जे बोलेल ते ऐकून घ्या, कितीही वेळ लागो. ती गप्प राहिली तर तिच्यासमोर गप्प बसून राहा. ती म्हणेपर्यंत उठू नका.